निराधार राहण्याची अट

माझ्या पाठीच्या कण्याला टीबी झाला होता. तो बरा झाला. आज मी ताठ चालते, भरलेली कळशी उचलते आणि कुणी अंगावर आलं तर ताठ उभी राहून भांडतेही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी आजारी असताना कुणी असं काही वाचायला दिलं की मी पहिल्यांदा शेवटचं पान उघडायचे. बाई जगली की मेली, एवढंच बघायचं असायचं. मी जगले. आता निवांत वाचा.

टीबीच्या जंतूबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तो आपलं काम करत होता. माझी तक्रार आहे ती इस्त्रीच्या कपड्यांतल्या, पोट भरलेल्या, शिक्के मारणाऱ्या माणसांबद्दल. ऐन आजारपणात त्यांनी माझी पाठ कशी आहे हे एकदाही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता: घरात पुरुष कोण? ज्या बायांना आज हाच प्रश्न ऐकावा लागत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक्सरे

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचे. कारखाना म्हणजे दुकानावरचा एक माळा, खिडकी नाही, पंखा फक्त शेठच्या डोक्यावर. पाठ दुखायची. जीन्स शिवणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं शेठ म्हणायचे, शेजारच्या मशीनवरच्या बाया म्हणायच्या, मीही म्हणायचे. मलम चोळायचं आणि पुन्हा बसायचं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत उठायला गेले तर पाय उचललेच नाहीत. दोघी बायांनी धरून रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्याने एक्सरे खिडकीला लावला आणि म्हणाला, "मणका खाल्लाय."

मला उंदीर आठवला. मी विचारलं, "कुणी?"

"टीबीने. बरा होतो हा. पण दीड वर्ष औषध, एक दिवस खाडा करायचा नाही. खाडा केलात तर कणा वाकेल आणि पाय कायमचे जातील. सोबत कोण आहे?"

सोबत माझा भाऊ प्रकाश आला होता, पण टीबी हा शब्द ऐकल्यावर तो चहा प्यायला बाहेर गेला होता. नवरा तर तीनेक वर्षांपूर्वीच दुसरी बाई घेऊन सूरतेला पळाला होता. सोडचिठ्ठी नाही, पत्ता नाही, काही नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी ते सहज तोंडातून गेलं. हेच वाक्य पुढे सरकारला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

लाल

वॉर्डात मला छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाठीवर झोपवलं. छताकडे बघत राहायचं. सकाळी झाडूवाली, मग इंजेक्शन, मग पाण्यासारखी डाळ. रात्री पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी रडायचं, आणि कोण ते बघायला मान वळायची नाही. भीती वाटायची ती मरणाची नाही. भीती पायांची. दर तासाला मी अंगठे हलवून बघायचे. हलले की पुढचा तास काढायचा.

बाजूच्या खाटेवर गोदामावशी होत्या. बदलापूरच्या शिरगावात राहणाऱ्या, फुप्फुसाच्या टीबीच्या. मला टीबीच्या लाल कॅप्सूल सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी बेडपॅनमध्ये लाल पाणी बघून मी किंचाळले. गोदामावशी खोकत खोकत हसल्या.

"अगं सुलोचना, रक्त न्हाई ते. गोळीचा रंग हाय. माझं बी तसंच. आणि माझ्या लेकाला बघ, त्याचं तर बाहेरून पण तसंच."

त्यांचा लेक यशवंत अंबरनाथला रंग बनवणाऱ्या केमिकल कंपनीत कामाला होता. ड्युटी संपली की डबा घेऊन यायचा. हात मनगटापर्यंत लाल, नखं लाल, कानामागे लाल. एका नव्या नर्सने तर त्याला जखमी समजून ड्रेसिंगच्या टेबलाकडे ढकललं होतं. कंपनीत आंघोळ करून निघायचा, तरी घामातून रंग येतच राहायचा. गोदामावशी त्याला म्हणायच्या, "हिला पण वाढ." तो मान खाली घालून अर्धी भाकरी माझ्या ताटलीत ठेवायचा. माझ्या भावाच्या घरून डबा यायचा बंद झाला होता.

गोदामावशी पावसाळा संपता संपता गेल्या. दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या वेळेला यशवंत डबा घेऊन वॉर्डात उभा. आईची खाट रिकामी, आणि हा तिथे डबा धरून उभा.

"सवयीने भरला," तो म्हणाला.

"मग मला वाढ," मी म्हटलं.

आमचं जे काही झालं ते असं झालं. यात कुणाला प्रेमकथा हवी असेल तर त्याने दुसरीकडे बघावं.

पगार

दवाखान्यात लाल कॅप्सूल कधी असायच्या, कधी नसायच्या. नसल्या की चिठ्ठी मिळायची: बाहेरून आणा. बाहेरून म्हणजे केमिस्टकडून, रोख. शेठने मला कधी कागदावर घेतलंच नव्हतं, त्यामुळे कामगार विमा वगैरे माझ्या नशिबी नव्हतं. प्लास्टर काढून पट्टा बांधला आणि मला प्रकाशच्या घरी, कॅम्प एकला, आणून टाकलं. वहिनीने माझी खाट पडद्यामागे लावली, माझं भांडं वेगळं केलं आणि पोरांना सांगितलं की आत्याकडे जायचं नाही. हाडाचा टीबी पसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी दहा वेळा सांगितलं. ती म्हणायची, "डॉक्टरच्या घरात ठेवा मग."

तेव्हा प्रकाशने एक शहाणपणाचं काम केलं. निराधारांना सरकारी पगार मिळतो, त्यासाठी समितीवरच्या नानांना गाठलं. सख्ख्या भावाने लिहून दिलं की हिला जगात कोणी नाही. वहिनीने साक्षीदाराची सही केली. मी पडद्यामागून ऐकत होते.

नाना म्हणजे पांढरा सफारी, पांढरे बूट आणि तोंडात पान. पगार मंजूर झाल्यावर त्यांनी एका कार्यक्रमात मला पट्ट्यासकट स्टेजवर उभं केलं आणि माइकवर सांगितलं की या भगिनीला मी आधार दिला. पैसे सरकारचे, दुखणं माझं आणि हार यांच्या गळ्यात. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. पण मनीऑर्डर माझ्या नावाने यायची, पोस्टमन सही माझी घ्यायचा, आणि त्यातून मी माझ्या कॅप्सूल माझ्या हाताने घ्यायचे. त्या दिवसांत माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

शिरगाव

यशवंत रविवारी यायचा. वहिनी त्याला दारात उभं ठेवायची. एका रविवारी तो म्हणाला, "माझ्याकडे चल. आईची खाट आहे. खिडकी पण आहे."

"लोक काय म्हणतील?"

"पडद्यामागे ठेवलंय तेव्हा लोक काय म्हणाले?"

मी गेले. लग्न लागणार नव्हतं, कारण पहिलं कायद्याने मोडलं नव्हतं आणि सूरतेला पळालेल्या माणसाला शोधून कल्याणच्या कोर्टात उभं करणं माझ्या पाठीला झेपणारं नव्हतं. शिरगावच्या चाळीत वस्तीतले म्हातारे आले, बसले, चहा प्यायले. एक आजोबा म्हणाले, "विहारात लग्न लावता येत नाही, पोरी, पण रांधून खा आणि बरी हो." एवढंच. त्यांना पगारही नव्हता आणि शिक्काही नव्हता, म्हणून कदाचित अक्कल शिल्लक राहिली असेल.

खोलीला खिडकी खरंच होती. यशवंत पहाटे उठून पाणी भरायचा, भात लावायचा, माझा पट्टा बांधायचा. बांधताना श्वास रोखायचा, जणू दुखणार त्यालाच आहे. मला आयुष्यात पहिल्यांदा रात्रभर झोप लागली.

मी मनीऑर्डरसाठी नवा पत्ता कळवला. प्रामाणिकपणाची हौस. शेजारच्या रखमावहिनींनी डोक्याला हात लावला. "अगं, पत्ता कळवलास? आता तलाठी येईल तपासायला."

"काय तपासायला?"

"निराधार आहेस की नाही ते. कमावता पुरुष घरात दिसला की पगार बंद."

यशवंतला हे कळल्यावर तो खूश झाला. त्याला वाटलं, प्रश्नच मिटला. त्याच्या कंपनीत कामगार विमा होता, घरच्या माणसांना औषध फुकट. तो मला रिक्षात घालून विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या क्लार्कने कार्ड बघितलं, मला बघितलं.

"पत्नी का?"

"हो," यशवंत म्हणाला.

"लग्नाचा दाखला?"

दाखला नव्हता. आम्ही खरं ते सांगितलं.

"पहिला नवरा जिवंत आहे म्हणता. मग या तुमच्या पत्नी कशा?"

"पण साहेब, राहतो एकत्र."

"एकत्र राहून कोणी पत्नी होत नाही," क्लार्क म्हणाला आणि कार्ड परत सरकवलं. चांगलं वाक्य होतं. मी लक्षात ठेवलं.

पहिली तपासणी

तलाठी येणार हे पोस्टमनने आदल्या दिवशी सांगितलं. चाळीला हे नवीन नव्हतं. आमच्या रांगेत दोघी-तिघी पगारवाल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना काम पाठ होतं. रखमावहिनी यशवंतचे कपडे घेऊन गेल्या, पलीकडचीने दाढीचं सामान आणि चपला नेल्या. गोदामावशींचा फोटो पुढे लावला. मी खाटेवर पडून राहिले. त्यासाठी नाटक करायची गरज नव्हती.

तलाठी आला, सोबत कोतवाल. त्याने दोरीवरचे कपडे बघितले, ताटं बघितली, खाटेखाली वाकून बघितलं. मग मोरीपाशी गेला आणि थांबला.

मोरी आमच्याच लक्षात आली नव्हती. कोपऱ्यातली दगडी मोरी, वर्षानुवर्षं यशवंतच्या आंघोळीच्या पाण्याने लाल झालेली. सांडपाण्याची गटारसुद्धा आमच्या दारापासून लाल सुरू व्हायची. आमच्या भागात कोण कुठल्या कंपनीत आहे हे गटारीवरून कळायचं, आणि आम्हाला त्याची इतकी सवय की तो रंग दिसायचाच नाही.

"बाई, हे काय?" तलाठी म्हणाला. "मी या भागात नवा नाही. हा अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीतला माणूस आंघोळ करतो इथे. घरात पुरुष कोण?"

रखमावहिनी दारात पांढऱ्या पडल्या. मला मात्र गोदामावशींचं हसणं आठवलं.

"माझं आहे ते, साहेब," मी म्हटलं. "टीबीच्या गोळीने लघवी लाल होते. मला उठता येत नाही म्हणून तिथेच बसवतात. विश्वास नसेल तर थांबा जरा, दाखवते."

तलाठ्याने रुमाल नाकाला लावला. त्याच्या मागून कोतवाल आधीच बाहेर पळाला होता. हे लोक कोणाच्याही घरात, कोणाच्याही ताटात, कोणाच्याही अंथरुणात नाक खुपसतात, पण आजार समोर आला की यांचं नाक फार नाजूक होतं. चाळ दोन दिवस हसत होती. यशवंत हसला नाही. मोरीकडे बघून म्हणाला, "माझा रंग तुझ्या नावावर गेला."

दुसरी तपासणी

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. पुन्हा कपडे गेले, चपला गेल्या, दाढीचं सामान गेलं. मोरीची आम्हाला काळजी नव्हती. उत्तर पाठ होतं.

तलाठी तोच होता. नाकाला रुमाल लावूनच आत आला आणि थेट मोरीकडे गेला. खाली बघितलं. मग रुमाल काढून घडी करून खिशात ठेवला.

"काय हो बाई," तो म्हणाला, "औषध बदललं का?"

मी मान वळवून बघितलं. मोरी निळी होती. गर्द, कपड्यांच्या निळीसारखी. चारेक महिन्यांपूर्वी यशवंतची बदली लाल खात्यातून निळ्या खात्यात झाली होती. त्याचे हात निळे झालेले मला माहीत होते, उशीचा अभ्रा निळा झालेला मीच धुतला होता, आणि तरीही त्या दिवशी चाळीतल्या एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. लाल पाण्याची गोष्ट आम्ही एकमेकींना इतक्या वेळा सांगितली होती की सगळ्यांच्या डोळ्यांना मोरी लालच दिसत होती.

रखमावहिनींना हसू फुटलं. मलाही. तलाठीसुद्धा हसला, तेवढ्यापुरता तो मला माणूस वाटला. मग त्याने पेन काढलं.

"आता सरळ सांगा. हा रंगाच्या कंपनीतला माणूस तुमचा कोण?"

कोणी नाही, असं म्हणता आलं असतं. एक्सरेच्या दिवशी म्हणालेच होते. औषधाचे अजून काही महिने बाकी होते आणि खाडा झाला तर पाय जाणार होते, हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण सकाळी ज्याने पट्टा बांधला, तो कोणी नाही, हे जिभेवर येईना.

"माझा माणूस आहे," मी म्हटलं.

"म्हणजे नवरा."

"तेवढं विम्याच्या दवाखान्यात जाऊन सांगाल का? ते म्हणतात नवरा नाही."

"तो आमचा विभाग नाही, बाई."

"मग तुमच्या विभागात मी बायको कशी झाले?"

"एकत्र राहता ना?" तलाठी म्हणाला. "मग झालात."

औषध द्यायचं असेल तेव्हा मी त्याची कोणी नाही, आणि पगार काढून घ्यायचा असेल तेव्हा मी त्याची बायको. दोन्ही साहेब सरकारी, दोघांच्या भिंतीवर बहुतेक कॅलेंडरही सारखंच असेल. इकडे आड तिकडे विहीर असतं तर निदान कशात तरी पाणी लागलं असतं.

मनीऑर्डर बंद झाली. यशवंत ओव्हरटाइम करायला लागला. जुन्या शेठने जीन्सची गाठोडी घरी पाठवली. "घर बैठके धागा काट ले ना, सुलोचना," असा निरोप होता, आणि मी पोटावर पालथी पडून शिवणीचे लोंबते धागे कापायचे. रखमावहिनी पण कापायला बसायच्या. कॅप्सूलला एक दिवस खाडा झाला नाही. शेवटचा एक्सरे बघून डॉक्टर म्हणाला, "भरला मणका." हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण पगार बंद झाला त्याच महिन्यात मी नानांकडे गेले होते, ते सांगायचं राहिलं.

नाना

नानांचं ऑफिस एका दुकानावर होतं, अरुंद लोखंडी जिना. आजारी आणि अपंगांची कामं करणाऱ्या माणसाने ऑफिस वरच्या मजल्यावर थाटावं, यातच सगळं आलं. यशवंतने मला एकेक पायरी चढवलं. मग नानांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

आत चार-पाच माणसं बसली होती. नानांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"बाई, तुम्ही मला मान खाली घालायला लावलीत. स्टेजवरून सांगितलं होतं मी, या भगिनीला कोणी नाही."

"तेव्हा नव्हतं."

"बरं, झालं ते झालं. मी मार्ग काढतो." आवाज खाली आला, म्हणजे बाकीच्यांना नीट ऐकू जाईल एवढाच. "त्या माणसाला काढा. किंवा तुम्ही भावाकडे परत जा. सहा महिने एकट्या राहून दाखवा. मग या माझ्याकडे, मी तुम्हाला पुन्हा निराधार करतो."

नाना अगदी मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, ते उपकार करतायत. बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. मला एकदम सगळं स्पष्ट दिसलं. हा पगार आजाराचा नव्हताच. माझा कणा किती खाल्ला गेला याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तो एकटं पडून राहण्याचा पगार होता. पडद्यामागे राहिले असते तर दर महिन्याला बिनचूक आला असता.

"नाना," मी म्हटलं, "पहिल्यांदा मला निराधार केलं ते माझ्या नवऱ्याने आणि भावाने. त्यांनी फुकटात केलं. तुम्ही कशाला त्रास घेता?"

एक जण हसला आणि नानांनी बघितल्यावर गप्प झाला.

"ताठा आहे बाईंना," नाना म्हणाले.

"पाठ आहे ती, नाना. अजून भरते आहे."

मी टेबलाला धरून उठले. बाहेर यशवंत जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. दार उघडं होतं, त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मी अंबरनाथला दोस्ताच्या खोलीवर राहीन थोडे दिवस. तुझं औषध तरी..."

"डबा कोण आणणार?" मी विचारलं.

त्याने हात पुढे केला. उतरताना मी नेहमी कठडा धरायचे, चढायला त्याचा हात लागायचा पण उतरायला नाही. मागे वळून बघितलं तर नाना आणि ती चार-पाच माणसं दारात येऊन उभी होती.

मी कठडा सोडला आणि त्याचा हात धरला. दुपार होती, उकाडा होता, घामाने त्याचा तळवा ओला होता. खाली रस्त्यावर येईपर्यंत माझा हात बोटांपासून मनगटापर्यंत निळा झाला होता. शेअर रिक्षात शेजारच्या बाईने पदर आवरून घेतला. मी हात मांडीवर उघडा ठेवला आणि घरी गेल्यावरही दिवसभर धुतला नाही.